बाबांना आतड्याचा नेट (न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, एक प्रकारचा कॅन्सर) निघाला, लिव्हरमधे पण आहे आणि डॉक्टर केमो नको म्हणून राहिले. मदत हवी आहे (नागपूर)

मानेवाडावाली

नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे, सांभाळून घ्या, रात्रीचे दीड वाजले आणि झोप काही येऊन राहिली नाही.

बाबा ६७ वर्षांचे. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, काटोलजवळ थोडी संत्र्याची बाग आहे ती पाहतात. आई-बाबा तिकडेच, मी नागपूरला, भाऊ पुण्याला. गेली ३-४ वर्षं बाबांचं पोट बिघडलेलंच आहे. दिवसातून ५-६ वेळा पातळ, रात्री पण उठून जावं लागते. आधी सगळे म्हणाले आयबीएस आहे, म्हणजे आतडं नाजूक आहे, टेन्शन घेऊ नका. मग सीटीमधे लहान आतडं जिथं संपते तिथं जाडी दिसली, तर एका ठिकाणी टीबी म्हणून ६ महिने एकेटी (टीबीची औषधं) चालवली. कोलोनोस्कोपीची बायोप्सी नॉन स्पेसिफिक (ठोस काही नाही अशी) आली होती तरी टीबीच. लघवी लाल, भूक गायब, पोट जसंच्या तसं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, भांडायची ताकद राहिली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चेहरा लाल व्हायचा. एकदम कान, गाल, गळा, छातीपर्यंत लाल, आणि ५-१० मिनिटांत जायचा. सावजी खाल्लं की हमखास. आम्ही म्हणायचो ऊन लागलं, मे महिन्यात आपल्याकडे कोणाचा चेहरा लाल नसतो? पण जानेवारीत मावसबहिणीच्या लग्नात भर मांडवात असं झालं तर मामाजी सगळ्यांसमोर बोलले, "भाऊजी सकाळीच बसले वाटते." बाबांनी जन्मात दारूला हात लावला नाही. त्या दिवसानंतर आई महिनाभर त्यांच्या शर्टांचा वास घेऊन पाहत होती. हे तिनं मला आत्ता सांगितलं, रिपोर्ट आल्यावर.

तर रिपोर्ट. मागच्या महिन्यात धंतोलीत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं की चेहरा लाल होतो तेव्हा घाम येतो का. आम्ही म्हटलं नाही, कोरडाच असतो. ते गप्पच झाले आणि लिव्हरची बायोप्सी सांगितली. वेल डिफरन्शिएटेड न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड २, केआय-६७ ५ टक्के, सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडीएक्स२ (हे बायोप्सीवर लावायचे डाग म्हणे) पॉझिटिव्ह. मग गॅलियम डोटा पेट स्कॅन झाला. लहान आतड्याच्या शेवटी १.६ सेंमीची गाठ, बाजूला मेसेंटरीत (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात) ३.२ सेंमीची, लिव्हरच्या दोन्ही बाजूंना ७-८ गाठी, आणि सगळीकडे "इन्टेन्स अपटेक" लिहिलंय, ते वाचून तर माझे हातपायच गळाले.

आता डॉक्टर म्हणाले दर २८ दिवसांनी ऑक्ट्रिओटाइड एलएआर ३० एमजीचं इंजेक्शन, तीन महिन्यांनी परत स्कॅन. बस. केमो नाही. पहिलं इंजेक्शन देऊन ९ दिवस झाले, चेहरा अजून लाल होतोच. काकाजी म्हणून राहिले की डॉक्टरांनी हात वर केले, स्टेज ४ ला कोणी नुसतं सुईवर ठेवते का. भाऊ म्हणतो उद्याच्या उद्या मुंबई. आई म्हणते इरफान खानला हाच होता ना. नेट म्हटलं की मला आतापर्यंत प्राध्यापकीची परीक्षाच माहीत होती. बाबांना "गाठी आहेत, इंजेक्शननं बसतील" एवढंच सांगितलंय.

मला विचारायचं हे की केमो न देणं बरोबर आहे का? आतड्यातली गाठ एवढुशी आहे तर ती आधी कापून का टाकत नाहीत? आणि ल्युटेशियम म्हणून काही असते ते आत्ताच का नाही? कोणाच्या घरात हा आजार असेल तर प्लीज लिहा.

---

तर्रीपोहे

ताई, मला यातलं काही समजत नाही पण धागा वर ठेवतो. रामदासपेठ धंतोलीत कोणत्या वेळी नंबर लागतो, गाडी कुठं लावायची असलं काही लागलं तर हक्कानं विचारा. मामाजींनी माफी मागितली की नाही?

---

स्लाइडबघ्या

मी पॅथॉलॉजीत आहे, उपचार करणारा नाही, त्यामुळे हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नका. पण रिपोर्ट वाचायला मदत करू शकतो.

आधी काकाजींचा गोंधळ सोडवू. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचला. ग्रेड म्हणजे तो किती जोरात पळतो. बाबांचा पोचलाय लिव्हरपर्यंत म्हणून स्टेज ४, पण चाल बैलगाडीची. केआय-६७ हा डाग फक्त विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशींना लागतो. ३ टक्क्यांच्या खाली ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, २० च्या वर ग्रेड ३. तुमचे ५, म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव पेशी नुसत्या बसून आहेत. नेहमीची केमो मारते ती विभाजन होणाऱ्या पेशींना, मग इथं ती मारणार कोणाला? केस जातील, पांढऱ्या पेशी जातील, गाठ फारशी हलणार नाही. स्वादुपिंडाच्या नेटला कॅपेसिटाबिन-टेमोझोलोमाइडच्या गोळ्या बऱ्यापैकी लागू पडतात, लहान आतड्याच्या नेटला तेवढ्या नाही. "वेल डिफरन्शिएटेड" (पेशी अजून मूळच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या) ऐवजी "कार्सिनोमा, पूअरली डिफरन्शिएटेड" असं लिहून आलं असतं तर गोष्ट वेगळी, तिथं केमोच आधी, आणि घाईनं. नावं जवळजवळ सारखी आहेत पण दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे. १९०७ मधे म्युनिकच्या ओबरन्डॉर्फरनं यांना "कार्सिनॉइड" म्हटलं, म्हणजे कर्करोगासारखं दिसणारं, त्या नावानं नंतर लोकांना उगाच निर्धास्त पण केलं. तर निर्धास्त राहू नका, पण घाबरून धावूही नका.

आता चेहरा का लाल होतो ते. आतड्याच्या अस्तरात एन्टेरोक्रोमॅफिन नावाच्या पेशी पेरलेल्या असतात, शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन आतड्यातच बनतं ते यांच्यामुळे. गाठ याच पेशींची. ती सेरोटोनिन आणि आणखी बरंच काही रक्तात सोडत राहते, पण आतड्याचं रक्त आधी लिव्हरमधे जातं आणि लिव्हर ते मोडून टाकतं. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असायचा ना, तसं. नाक्यावर माल अडतो तोवर गावात काही कळत नाही, म्हणून वर्षानुवर्षं लक्षणं नसतात. पण गाठी लिव्हरमधेच बसल्या की त्यांचा माल नाका ओलांडून गावातच उतरतो, सरळ हृदयाकडे. मग लाली, जुलाब, कधी दम लागणं. बाईच्या पाळी जाण्याच्या वेळच्या लालीत घाम असतो, ही बहुतेक कोरडी असते, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. हुशार माणूस आहे, सोडू नका.

आणि टीबीवाल्यांबद्दल, त्यांची बाजू घेत नाही पण सांगतो, हा ट्यूमर अस्तराच्या खाली वाढतो, कोलोनोस्कोपीचा चिमटा वरवरचं घेतो, बायोप्सी कोरी येऊ शकते. आपल्या देशात त्याच जागेला टीबी इतका दिसतो की हात आपोआप एकेटीकडे जातो. ६ महिन्यांत काही फरक पडला नाही तेव्हा तरी थांबून विचार करायला पाहिजे होता.

माझे दोन प्रश्न. बाबांना जेवणानंतर पोटात कळ येते का? आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का?

---

उमरेडरोड

ताई, माझ्या मिसेसला २०१९ पासून हाच आहे, लहान आतड्याचाच, ग्रेड १. सहा वर्षं झाली, शाळेत शिकवते अजून. तेव्हा आधी पाणी प्या आणि झोपा.

९ दिवसांत लाली गेली नाही म्हणून घाबरू नका. एलएआर म्हणजे औषध हळूहळू सुटायला बनवलेलं आहे, पुरेसं रक्तात यायला दोन आठवडे तरी लागतात. आम्हाला त्या मधल्या काळासाठी साध्या ऑक्ट्रिओटाइडच्या छोट्या सुया दिल्या होत्या, दिवसातून तीनदा पोटाच्या चरबीत, मीच टोचायचो. तुम्हाला दिल्या नसतील तर उद्या फोन करून विचारा.

इंजेक्शनचं आणखी एक. ते पावडरचं असते, फ्रिजमधे २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, देण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढायचं, मग त्याच्यासोबत आलेल्या द्रवात मिसळून लगेच कुल्ल्यात खोल द्यायचं. घाईत मिसळलं की सुईत अडकते. आमचं एकदा अर्धं औषध वाया गेलं कारण सिस्टरनं मिसळून ठेवलं आणि फोनवर बोलत बसल्या. तेव्हापासून मी शेजारी उभा राहतो, सिस्टरला राग येतो, येऊ दे. मेडिकलमधून घरी आणताना थर्मासमधे बर्फ, पण इंजेक्शन बर्फाला चिकटवून नाही, गोठायला नको. मे महिन्यात काटोलपर्यंत नेऊ नका, बाबांनाच नागपूरला बोलवा. लॅनरिओटाइड १२० म्हणून दुसरं मिळते ते भरलेल्या सिरिंजमधेच येते, मिसळायची भानगड नाही. दोन्हीत देशी कंपन्यांची पण मिळतात, भावात फरक भरपूर, डॉक्टरांना स्पष्ट विचारा कोणतं चालेल.

पुढं जुलाब परत सुरू झाले तर लगेच आजार वाढला समजू नका. या इंजेक्शननं स्वादुपिंडाचा रस कमी होतो, तेलकट, तरंगणारं जाते, जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल घेतल्या की थांबते. पित्ताशयात खडे होऊ शकतात. शुगर पण पाहत राहा.

---

काढा_घ्या

केमो नाही देत ते चांगलंच आहे. माझ्या ओळखीत एक वैद्य आहेत, २१ दिवसांत गाठ विरघळते, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

उमरेडरोड

भाऊ, २१ दिवसांत एलएआरचं एक इंजेक्शन पण संपत नाही. राहू द्या.

---

गॅमाकाका

मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिनमधे टेक्निशियन होतो, आता रिटायर, मूळ वर्धेचा. "इन्टेन्स अपटेक" वाचून हातपाय गळाले म्हणालात, अहो ती या रिपोर्टमधली सगळ्यात चांगली ओळ आहे!

यांच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर असतात, खुंट्या समजा. सोमॅटोस्टॅटिन हे आपल्याच शरीराचं हार्मोन, "थांब, सोडू नको" असं पेशीला सांगणारं, पण रक्तात दोन-तीन मिनिटं टिकतं. म्हणून त्यासारखं पण टिकाऊ असं ऑक्ट्रिओटाइड बनवलं. तुमचा डोटा स्कॅन म्हणजे त्याच खुंटीला गॅलियम अडकवून फोटो काढणं. ल्युटेशियम म्हणजे त्याच खुंटीला बीटा किरण देणारा अणू अडकवणं. स्कॅनमधे गाठी लख्ख पेटल्या म्हणजे खुंट्या भरपूर, म्हणजे इंजेक्शनलाही जागा आणि उद्या लागलं तर ल्युटेशियमलाही. सगळं अंधारं आलं असतं तर खरी चिंता होती.

मग ल्युटेशियम आत्ताच का नाही. नेटर-१ नावाचा मोठा अभ्यास २०१७ मधे आला, २२९ पेशंट, लहान आतड्याचेच जास्त, पण सगळे असे की इंजेक्शनवर असतानाही आजार वाढलेला. २० महिन्यांनी ल्युटेशियमवाल्यांत ६५ टक्के लोकांचा आजार जागच्या जागी, दुसऱ्या गटात, ज्यांना ऑक्ट्रिओटाइडचा डबल डोस दिला, त्यांच्यात ११ च्या आसपास. एवढा फरक असलेलं हत्यार पहिल्याच दिवशी का वापरायचं? चार डोस असतात, दर आठ आठवड्यांनी एक, आणि किडनी, बोनमॅरो दोघांनाही त्याचा हिशोब द्यावा लागतो. २०२४ च्या नेटर-२ मधे सुरुवातीलाच दिलं, पण ते केआय-६७ १० ते ५५ वाले पेशंट होते, बाबा त्यात बसत नाहीत.

लागलंच तर फॉरेनचं नाव ऐकून घाबरू नका. आपलं ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरमधे तयार होतं आणि परळला टाटाच्या ॲनेक्समधे बीएआरसीचं रेडिएशन मेडिसिन सेंटर कितीतरी वर्षांपासून ही थेरपी देतं. डोसच्या दिवशी किडनी वाचवायला अमिनो ॲसिडची सलाइन तासनतास चालते, उलटी होते ती बहुतेक त्यानंच, लोक ल्युटेशियमला दोष देतात. ल्युटेशियम साधारण पावणेसात दिवसांत अर्धं होतं, घरी आल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून अंतर. आमचे पेशंट नातवाला दारातूनच टाटा करायचे.

---

मानेवाडावाली

किती लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं, मग काकाजींना फोनवर वाचून दाखवलं. बैलगाडीचं त्यांना एकदम पटलं.

स्लाइडबघ्या, तुमच्या प्रश्नानं मी आज काटोलला गेले. कळ येते का म्हटलं तर बाबा म्हणाले गॅस होतो थोडा. आई मधेच बोलली, गॅस काय, जेवल्यावर तासाभरानं पोट धरून अंगणात चकरा मारतात. गेल्या चार महिन्यांपासून दोन भाकरींवरून अर्ध्यावर आले आहेत. मला वाटायचं वय झालं. वजन ७१ वरून ६२. हे मी कोणत्याच डॉक्टरला सांगितलं नाही कारण मला माहीतच नव्हतं. इको पण झाला नाही.

---

स्लाइडबघ्या

हे महत्त्वाचं आहे, उद्याच कळवा. लहान आतड्याच्या नेटमधे मूळ गाठ बारकी असते आणि त्रास देते ती मेसेंटरीतली, तुमची ३.२ वाली. तिच्याभोवती चिवट तंतू तयार होतात, नाडी ओढून धरल्यावर परकराला चुण्या पडतात तसं आतडं ओढलं जातं, वाट अरुंद होते, कधी रक्तवाहिन्या पण आवळल्या जातात. जेवल्यावर कळ येते ती त्याची.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. लिव्हरमधे दोन्हीकडे असताना आणि काही त्रास नसताना मूळ गाठ सरसकट काढून आयुष्य वाढतं का यावर सर्जन लोकांत दोन तट आहेत, थांबून पाहणारेही चुकत नाहीत. पण अडथळ्याची कळ असेल, वजन जात असेल, तर ऑपरेशनचा विचार पुढं येतो. त्यात सर्जननं नेटची बरीच ऑपरेशनं केलेली असावीत, कारण ती मेसेंटरीतली गाठ आतड्याचा रक्तपुरवठा सांभाळून सोडवायची असते. पित्ताशय त्याच वेळी काढतात बऱ्याचदा, उमरेडरोड म्हणाले त्या खड्यांमुळे. भुलीच्या आधी भूलतज्ज्ञाला "कार्सिनॉइड सिंड्रोम आहे" (लाली-जुलाबाचा हा जो प्रकार आहे त्याचं नाव) असं तोंडानं सांगा, फाइलमधे वाचतील या भरवशावर राहू नका. गाठीला हात लागला की एकदम माल सुटून बीपी कोसळू शकतं, त्यासाठी ऑक्ट्रिओटाइड चालू ठेवतात. दातांच्या डॉक्टरलाही सांगा, त्यांच्या बधिर करायच्या इंजेक्शनमधे ॲड्रेनालिन असतं.

इको आधी. सेरोटोनिननं हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होतात. डावी बहुतेक वाचते कारण मधे फुप्फुसं ते मोडतात, तो दुसरा नाका. झडप खराब असेल तर पोटाच्या ऑपरेशनचा सगळा क्रम बदलतो.

टाटाला जाताना बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही न्या, नुसता कागद नाही. ते परत तपासतात. लॅबनं ब्लॉक द्यायला कटकट केली तर लेखी मागा. पण टाटाला गेलं म्हणजे नागपूर सोडलं असं नाही, प्लॅन तिथून आणून इंजेक्शनं इथंच घ्या, सगळे तसंच करतात.

---

मानेवाडावाली

अपडेट. इको झाला, ट्रायकस्पिड झडपेत (उजव्या बाजूची) "माइल्ड" गळती, झडप जाड नाही, हृदयाचे डॉक्टर म्हणाले सहा महिन्यांनी परत. धंतोलीच्या डॉक्टरांना कळ सांगितली तर त्यांनी सीटी परत उघडून पाहिला आणि स्वतःच टाटाच्या सर्जनसाठी चिठ्ठी दिली. ते मला रागावले नाहीत, पण बाबांना म्हणाले, "कंडक्टर साहेब, तिकीट लपवून प्रवास चालत नाही." बाबा हसले. मग मला गाडीत म्हणाले, कॅन्सरच आहे ना, मला समजते, तुझ्या आईला सांगू नको. म्हणजे इकडं आम्ही त्यांच्यापासून लपवून राहिलो आणि तिकडं ते आईपासून.

छोट्या सुया सुरू केल्या, लाली निम्म्यावर आली. पुढच्या सोमवारचं दुरांतोचं तिकीट आहे. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत टाटाचे पेशंट राहतात म्हणे, तिथं खोली मिळायला काय कागद लागतात कोणाला माहीत आहे का? नाहीतर भाऊ हॉटेल पाहून राहिला.

आणि २४ तासांची लघवी सांगितली आहे, ५-एचआयएए (सेरोटोनिन मोडल्यावर लघवीत येते ते). त्याला काय पथ्य असते? लॅबवाला म्हणाला काही नाही, भरून आणा.

---

उमरेडरोड

लॅबवाल्याचं ऐकू नका. केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो तीन दिवस आधीपासून आणि गोळा करायचं त्या दिवशी पण बंद, यांच्यात सेरोटोनिन असते आणि आकडा खोटा वर जातो. काही खोकल्याची औषधं पण चालत नाहीत, बाबा जे घेतात ते सगळं लिहून दाखवा. क्रोमोग्रॅनिनची रक्ततपासणी पण करणार असतील तर पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी त्याआधी दोन आठवडे बंद लागते, पण स्वतःहून बंद करू नका, विचारून. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत सगळी कॅनमधे. कॅन लॅबमधूनच घ्या, त्यात ॲसिड टाकलेलं असते, डोळ्याला लावू नका.

धर्मशाळेला टाटाची फाइल लागते, म्हणजे आधी रजिस्ट्रेशन, पहिली रात्र दुसरीकडंच काढावी लागेल. दोघांची आधार कार्डं ठेवा.

---

मानेवाडावाली

बाबा रोज सकाळी दोन केळी खातात. आता तीन दिवस काय द्यावं, संत्री तर चालतात ना? घरात टोपलीभर पडली आहेत.

उमरेडरोड

आमच्या यादीत संत्रं नव्हतं. तरी तीन दिवस टोपली आईंच्या ताब्यात द्या, नंतर मुंबईला चार घेऊन जा, वॉर्डात वाटायला.